राज्य, सार्वभौमत्व आणि मान्यता : हैदराबादच्या दाव्याचा बोध

(संस्थेच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय आंतरराष्ट्रीय कायद्याचा आहे. हा विषय वकिलांचा, राजदूतांचा, फार तर स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्यांचा, आपल्याला त्याच्याशी काय करायचे, असे पुष्कळांना वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन होते. १९४८ साली याच दिवशी हैदराबादच्या निजामाने शस्त्र खाली ठेवल्याचे जाहीर केले, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे १६ सप्टेंबरला, पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर "हैदराबाद हे स्वतंत्र राज्य आहे" असा दावा मांडला गेला होता, हे फारच थोड्यांना माहीत आहे. तो दावा मान्य झाला असता तर औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांतील माणसांचे नागरिकत्व कोणते ठरले असते, याचा विचार करावा. म्हणजे हा विषय आपल्या घरापासून किती जवळ आहे ते कळेल.

म्हणून राज्य कशाला म्हणायचे, सार्वभौमत्व कोणाचे असते आणि मान्यता देतो कोण, हे तीन प्रश्न हैदराबादच्या उदाहरणावरून समजून घेण्याचा आमचा प्रयत्न आहे.

राज्य कशाला म्हणावे?

आंतरराष्ट्रीय कायद्यात राज्याची जी व्याख्या बहुतेक ठिकाणी सांगितली जाते ती १९३३ सालच्या माँटेव्हिडिओ कराराची. उरुग्वे देशाच्या राजधानीत अमेरिका खंडातील राष्ट्रांची परिषद भरली होती, तेथे २६ डिसेंबर रोजी हा करार झाला. त्याच्या पहिल्या कलमात चार गोष्टी सांगितल्या आहेत. कायमची वस्ती असलेले लोक हवेत, निश्चित भूप्रदेश हवा, शासन हवे आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता हवी.

या चार गोष्टींत आकारमानाचा उल्लेख नाही, हे ध्यानात घ्या. पॅसिफिक महासागरातील नाऊरू बेटाची लोकसंख्या सुमारे बारा हजार आहे. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. तरी १९९९ पासून तो देश संयुक्त राष्ट्रांचा सभासद आहे आणि आमसभेत त्याला भारताएवढेच एक मत आहे. उलट निजामाचे हैदराबाद सुमारे ८२ हजार चौरस मैल पसरलेले होते आणि १९४१ च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या १ कोटी ६३ लाख भरली होती. तरी ते राज्य ठरले नाही. असे का झाले? उत्तर चौथ्या अटीत दडलेले आहे आणि त्याहून अधिक, या चार अटींत न लिहिलेल्या एका गोष्टीत दडलेले आहे. तिच्याकडे आम्ही पुढे येऊच.

दुसरा मुद्दा मान्यतेचा. या बाबतीत पंडितांचे दोन पक्ष आहेत. एका पक्षाचे म्हणणे असे की, इतरांनी मान्यता दिली म्हणजे राज्य जन्माला येते. मान्यता नाही तोवर आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दृष्टीने ते नाहीच. दुसरा पक्ष म्हणतो, राज्य आधीच अस्तित्वात असते, मान्यता देणारा फक्त ते अस्तित्व कबूल करतो. माँटेव्हिडिओ कराराने तिसऱ्या कलमात हा दुसरा पक्ष उचलून धरला आहे. राज्याचे राजकीय अस्तित्व इतरांच्या मान्यतेवर अवलंबून नाही, असे ते कलम सांगते.

आमच्या मते व्यवहारात दोन्ही पक्षांत थोडेथोडे सत्य आहे. मान्यता नाकारली म्हणून अस्तित्व पुसले जात नाही. पण मान्यतेवाचून त्या अस्तित्वाला आपले हक्क बजावता येत नाहीत. करार करता येत नाही, वकिलाती उघडता येत नाहीत, परदेशी बँकेतला पैसा आपला म्हणून मागता येत नाही. हजारो वर्षे गावात राहूनही ज्यांना गावाचे पाणी मिळाले नाही, त्यांच्या वारसांना हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही. माणूस आहे हे सर्वांना दिसत असते, आणि माणूस म्हणून कबूल मात्र कोणी करीत नाही!

निजामाचा दावा काय होता?

निजामाच्या बाजूने बोलण्यासारखे काहीच नव्हते असे नाही. हैदराबादचे स्वतःचे चलन होते, ज्याला आपले वडीलधारे हाली सिक्का म्हणत. स्वतःचे टपाल खाते होते, रेल्वे होती, फौज होती, उच्च न्यायालय होते, विद्यापीठ होते. लोक होते, भूप्रदेश होता, शासन होते. मग उणे काय होते?

उणे होते ते बाहेरच्या जगाशी स्वतःच्या अधिकारात व्यवहार करण्याचे सामर्थ्य. १७९८ साली निजामाने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली आणि परराष्ट्र व्यवहार कंपनीच्या हाती गेला. तेव्हापासून दीडशे वर्षांत हैदराबादने कोणत्याही परकीय सत्तेशी स्वतंत्रपणे तह केला नाही, की राजदूत पाठविला नाही. मधल्या काळात वऱ्हाड प्रांतही हातचा गेला. १८५३ साली तो इंग्रजांकडे सोपविण्यात आला आणि १९०२ साली वर्षाला २५ लाख रुपये देण्याच्या बोलीवर कायमच्या पट्ट्याने देण्यात आला.

या वऱ्हाडावरूनच मोठा बोधप्रद प्रसंग घडला. निजाम मीर उस्मान अली खान यांनी वऱ्हाड परत मागितला आणि सांगितले की, परराष्ट्र व्यवहार सोडला तर अंतर्गत बाबतीत आमचा दर्जा ब्रिटिश सरकारच्या बरोबरीचा आहे. त्यावर व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी २७ मार्च १९२६ च्या पत्रात रोखठोक उत्तर दिले. हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता सर्वश्रेष्ठ आहे आणि कोणत्याही संस्थानिकाला तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाटी करण्याचा हक्क नाही, असा त्या उत्तराचा आशय होता. निजामाने ते उत्तर गिळले. जो दर्जा १९२६ साली नव्हता तो १९४७ साली कोठून आला, हा प्रश्न पुढे भारताला विचारता आला तो यामुळेच.

निजामाचे उत्तर असे की, तो इंग्रजांनी जाताना दिला. १२ मे १९४६ रोजी ब्रिटिश कॅबिनेट मिशनने एक निवेदन तयार केले होते. त्यात म्हटले होते की, संस्थानांवरची ब्रिटिश राजमुकुटाची अधिसत्ता नव्या भारत सरकारकडे सोपविली जाणार नाही. ती संपुष्टात येईल आणि संस्थानिकांनी सोडलेले हक्क त्यांच्याकडे परत जातील. १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्यातही अधिसत्ता संपुष्टात येण्याचे कलम आले. जून १९४७ मध्ये त्रावणकोरच्या दिवाणांनी आणि पाठोपाठ निजामाने जाहीर केले की, १५ ऑगस्टला आम्ही स्वतंत्र आणि सार्वभौम होऊ. पाचशेहून अधिक संस्थाने होती. प्रत्येकाने हाच मार्ग धरला असता तर देशाचे काय झाले असते?

बाबासाहेबांचे निवेदन

या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ जून १९४७ रोजी एक प्रदीर्घ निवेदन प्रसिद्ध केले. ते त्या वेळी मंत्री नव्हते. घटना समितीचे सभासद होते आणि एक कायदेपंडित म्हणून बोलत होते. हे निवेदन त्यांच्या इतर लिखाणाएवढे वाचले जात नाही, म्हणून त्याचा युक्तिवाद आमच्या शब्दांत थोडा विस्ताराने सांगतो.

इंग्रजांची बाजू अशी होती की, संस्थानिकांचे तह इंग्लंडच्या राजाशी आहेत, भारत सरकारशी नाहीत. राजा जातो आहे, म्हणून तहही जातात. बाबासाहेबांनी या मुळावरच बोट ठेवले. इंग्लंडचा राजा स्वतःच्या मर्जीने काही करीत नसतो. तो मंत्र्यांच्या सल्ल्याने वागतो, आणि ज्या वसाहतीचा प्रश्न असेल त्या वसाहतीच्या मंत्र्यांचा सल्ला त्याला घ्यावा लागतो. भारत डोमिनियन झाला की भारताच्या बाबतीत राजाला सल्ला देण्याचा अधिकार भारताच्या मंत्रिमंडळाचा. म्हणून अधिसत्ताही त्याच मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालली पाहिजे. ती हवेत विरून जाऊ शकत नाही, आणि संस्थानिकाच्या खिशात तर मुळीच जाऊ शकत नाही.

एवढे सांगून ते थांबले नाहीत. संयुक्त राष्ट्रांकडून मान्यता आणि संरक्षण मिळेल या आशेवर जे संस्थानिक स्वातंत्र्य पुकारीत आहेत ते स्वप्नात वावरत आहेत, असा त्यांनी इशारा दिला. भारताचा अधिसत्तेचा दावा डावलून संयुक्त राष्ट्रे मान्यता देतील हेच मुळी संशयास्पद आहे. पण समजा दिली, तरी परचक्र आले किंवा आत बंड झाले तर संयुक्त राष्ट्रे मदतीला येण्यापूर्वी एक गोष्ट मागतील, ती म्हणजे तुमच्या राज्यात लोकांना जबाबदार असलेले सरकार आधी आणा.

मित्रांनो, निवेदनाचे मर्म येथे आहे असे आम्ही समजतो. माँटेव्हिडिओच्या चार अटींत "शासन हवे" एवढेच म्हटले आहे. ते कोणाचे शासन, याबद्दल करार गप्प आहे. बाबासाहेबांनी तो प्रश्न विचारला. ज्या शासनाला आपल्याच प्रजेची संमती नाही त्याने जगाची संमती मागावी, हे किती दिवस चालेल?

हैदराबादची स्थिती कशी होती? बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी, सत्ता एका घराण्याची. लोकांना जबाबदार मंत्रिमंडळ नाही. खेड्यापाड्यांत वेठबिगार चालू. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा पेटलेला आणि दुसऱ्या बाजूला कासीम रझवीच्या रझाकारांचा धुमाकूळ. अशा वेळी अस्पृश्य समाजातील काही पुढारी निजामाच्या बाजूला गेले होते. नोव्हेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी हैदराबादमधील अनुसूचित जातींना स्पष्ट सांगितले की, त्यांनी निजामाची आणि इत्तेहादुल मुसलमीनची बाजू घेऊ नये. निजाम काही सवलती देऊ करील. पण प्रजेला सत्ता न देणाऱ्या राजाच्या सवलतीवर समाजाचे भवितव्य उभे राहत नाही, असा बोध आम्ही त्यातून घेतो.

पॅरिसची बैठक

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत आणि निजाम यांच्यात एक वर्षाचा जैसे थे करार झाला. तो टिकला नाही. २१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबाद सरकारने सुरक्षा परिषदेकडे तारेने तक्रार पाठविली. आधार घेतला होता संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या ३५ व्या कलमाचा. सभासद नसलेल्या राज्यालाही आपला तंटा परिषदेपुढे नेता येतो, असे ते कलम आहे. त्यासाठी त्याने तंटा शांततेने सोडविण्याची बांधिलकी पत्करावी लागते. पण कलमात शब्द "राज्य" असा आहे. म्हणजे तक्रार ऐकून घ्यायची की नाही हे ठरविण्यासाठीच आधी हैदराबाद हे राज्य आहे काय, हे ठरविणे भाग होते.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा हैदराबादच्या हद्दीत शिरल्या. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये परिषदेची बैठक झाली. हैदराबादच्या वतीने नवाब मोईन नवाज जंग हजर होते. भारताच्या वतीने सर ए. रामस्वामी मुदलियार उभे राहिले. हैदराबाद कधीच आंतरराष्ट्रीय अर्थाने राज्य नव्हते, तेव्हा परिषदेला हा विषय घेण्याचा अधिकारच नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

येथे इतिहासाची एक गंमत पाहा. याच मुदलियारांनी २६ जून १९४५ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे भारताच्या वतीने संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर सही केली होती. त्या वेळी भारत स्वतंत्र नव्हता! दिल्लीत व्हाइसरॉय बसलेला होता. तरी भारत संयुक्त राष्ट्रांचा मूळ सभासद झाला. म्हणजे सार्वभौमत्व नसताना सभासदत्व मिळू शकते, हे खुद्द भारताचेच उदाहरण सांगते. सभासदत्व, मान्यता आणि सार्वभौमत्व या तीन वेगळ्या वस्तू आहेत, हे विद्यार्थ्यांनी या एका उदाहरणावरून लक्षात ठेवावे.

परिषदेच्या ११ सभासदांपैकी ८ जणांनी विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेण्याच्या बाजूने मत दिले, ३ तटस्थ राहिले. तटस्थांमध्ये सोव्हिएत युनियन, युक्रेन आणि चीन होते. विषय घेतला म्हणजे हैदराबादला राज्य मानले असे मात्र कोणी म्हटले नाही. दुसऱ्याच दिवशी निजामाने शरणागती जाहीर केली, १८ सप्टेंबरला जनरल एल इद्रूस यांनी जनरल चौधरी यांच्यापुढे शस्त्रे ठेवली, आणि २२ सप्टेंबरला निजामाने स्वतःच तार करून तक्रार मागे घेतली. मे १९४९ मध्ये पाकिस्तानने परिषदेत पुन्हा तो विषय काढला, पण परिषदेने कोणताही ठराव केला नाही. हैदराबाद राज्य होते की नव्हते, या प्रश्नाचे उत्तर सुरक्षा परिषदेने दिलेच नाही. ते उत्तर इतिहासाने दिले.

सत्य सांगायचे तर त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पोलीस कारवाईच्या काळात आणि नंतर मराठवाड्यासह अनेक जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर भीषण अत्याचार झाले. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली पाठविलेल्या समितीने मृतांचा आकडा किमान २७ ते ४० हजारांच्या घरात असावा असा अंदाज केला. तो अहवाल २०१३ पर्यंत लोकांसमोर आला नव्हता. निजामाचा दावा खोटा होता म्हणून निरपराध माणसे मारण्याचा परवाना कोणाला मिळत नाही. सार्वभौमत्व लोकांचे आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्या लोकांत अल्पसंख्यही आले.

लंडनच्या बँकेतील पैसा

याच प्रकरणाचे एक शेपूट लंडनमध्ये ७१ वर्षे वळवळत राहिले. सप्टेंबर १९४८ मध्ये, नेमक्या धामधुमीच्या दिवसांत, निजाम सरकारच्या लंडनमधील खात्यातून १० लाख ७ हजार ९४० पौंड ९ शिलिंग एवढी रक्कम पाकिस्तानचे उच्चायुक्त रहिमतुल्ला यांच्या नावावर वळविण्यात आली. निजामाने ती परत मागितली आणि दावा लावला. १९५७ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितले की, पाकिस्तान हे सार्वभौम राज्य असल्यामुळे त्याच्या इच्छेविरुद्ध आमच्या न्यायालयात त्याला खेचता येत नाही. पैसा बँकेतच पडून राहिला. २०१३ साली पाकिस्तानने स्वतःच हक्क सांगितला, तेव्हा ते कवच गळून पडले. २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने भारत आणि निजामाचे वारस यांच्या बाजूने निकाल दिला. व्याजासह रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या आसपास झाली होती. राज्य म्हणून मान्यता असण्याचा उपयोग काय, असे कोणी विचारले तर हा खटला सांगावा.

सरंजाम म्हणजे राज्य काय?

हैदराबादच्या जोडीला आपल्या शेजारचे आणखी एक प्रकरण पाहू. १९५४ साली दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून मुक्त झाली. दमणहून तेथे जायला भारताच्या भूमीवरून वाट लागे. पोर्तुगालने १९५५ साली भारताविरुद्ध हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात फिर्याद केली की, ही वाट वापरण्याचा आमचा हक्क भारताने हिरावला. पुरावा म्हणून त्यांनी दाखविला मराठ्यांशी झालेला १७७९ चा पुण्याचा तह आणि १७८३ व १७८५ च्या सनदा. जगातल्या सर्वोच्च न्यायालयात पेशव्यांच्या दप्तराची भाषा तपासली गेली! न्यायालयाने निष्कर्ष काढला की, मराठ्यांनी पोर्तुगीजांना त्या गावांचा १२ हजार रुपयांचा महसूल दिला होता. ती जहागीर किंवा सरंजाम होता, सार्वभौमत्व नव्हे. महसूल खाण्याचा हक्क वेगळा आणि राज्य वेगळे, हे आपल्या जुन्या शब्दांतच स्पष्ट होते.

पण पुढे इंग्रजांनी त्या गावांवरचा पोर्तुगीजांचा अंमल वागणुकीतून मान्य केला आणि तीच स्थिती भारताकडे आली, असेही न्यायालय म्हणाले. म्हणजे मान्यता नेहमी कागदावरच दिली जाते असे नाही, ती वागण्यातूनही दिली जाते. १२ एप्रिल १९६० च्या निकालात खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट होती, सैन्य आणि शस्त्रांना नव्हती, आणि भारताने आपल्या बांधिलकीचा भंग केलेला नाही, असे ठरले. भारताच्या वतीने त्या खंडपीठावर बसले होते मुंबईचे माजी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला. गोवा डिसेंबर १९६१ मध्ये मुक्त झाला; पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व तहाने मान्य केले ते ३१ डिसेंबर १९७४ रोजी. या तेरा वर्षांत गोवा भारताचा नव्हता असे कोण म्हणेल?

मान्यता देणारे आणि नाकारणारे

मान्यतेमागे स्वार्थ असतो हे नाकारून चालणार नाही. भारताने बांगलादेशाला ६ डिसेंबर १९७१ रोजी मान्यता दिली. चीनने २५ ऑगस्ट १९७२ रोजी नकाराधिकार वापरून त्याचे संयुक्त राष्ट्रांतील सभासदत्व अडविले. खुद्द पाकिस्तानने फेब्रुवारी १९७४ मध्ये मान्यता दिली, त्याच वर्षी १७ सप्टेंबरला बांगलादेश सभासद झाला, आणि चीनची मान्यता १९७५ मध्ये आली. पॅलेस्टाईनला भारताने १९८८ साली मान्यता दिली. सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स यांनीही दिली, आणि मान्यता देणाऱ्यांची संख्या दीडशेच्या वर गेली. तरी एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या नकाराधिकारामुळे पूर्ण सभासदत्व अडले ते अडलेच. मान्यता दिली म्हणजे संबंध जोडले असेही नाही. इस्रायलला भारताने १९५० साली मान्यता दिली, पण पूर्ण राजनैतिक संबंध जानेवारी १९९२ मध्ये सुरू झाले.

मात्र स्वार्थाच्या या बाजारातही एकदा जगाने तत्त्वाने मान्यता नाकारली, तो प्रसंग आपल्या समाजाने विसरू नये. दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारने एक युक्ती काढली. काळ्या लोकांसाठी वेगळ्या वसाहती करायच्या, त्यांना स्वतंत्र देश म्हणायचे, म्हणजे काळी माणसे आपल्याच देशात परदेशी ठरतील आणि मताचा हक्क मागणार नाहीत. २६ ऑक्टोबर १९७६ रोजी ट्रान्सकी हा पहिला असा "देश" जाहीर झाला. मागाहून बोफुथात्स्वाना, व्हेंडा आणि सिस्काय आले. लोक होते, जमीन होती, झेंडा होता, मंत्री होते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्याच दिवशी १३४ विरुद्ध शून्य मतांनी, अमेरिका तटस्थ असताना, ट्रान्सकीला मान्यता देऊ नका असे सर्व राष्ट्रांना सांगितले. दक्षिण आफ्रिकेने आणि अशाच इतर वसाहतींनी सोडून त्यांना कोणीही देश मानले नाही. २७ एप्रिल १९९४ रोजी, सर्व वर्णांच्या लोकांनी मतदान केले त्या दिवशी, चारही पुन्हा दक्षिण आफ्रिकेत विलीन झाले.

गावकुसाबाहेर वस्ती टाकून तिला तुमचे वेगळे गाव म्हणावे, असा हा प्रकार होता. जगाने ते ओळखले. १९३३ च्या करारात न लिहिलेली पाचवी अट येथे उघडपणे बोलली गेली. जे राज्य लोकांना हक्क देण्यासाठी नव्हे, त्यांचे हक्क काढून घेण्यासाठी निर्माण केले आहे, ते राज्य नव्हे.

आमचा निष्कर्ष

एवढ्या उदाहरणांवरून आम्ही या मतास आलो आहोत की, मान्यता इतर राष्ट्रांकडून मिळते, परंतु सार्वभौमत्व बाहेरून येत नाही. ते लोकांकडून येते. निजामाकडे नाणी होती, फौज होती, परदेशी वकील होते आणि लंडनच्या बँकेत दहा लाख पौंड होते. लोकांची संमती नव्हती. बांगलादेशाकडे सुरुवातीला यातले जवळजवळ काहीच नव्हते. लोक मात्र होते. कायद्याच्या पुस्तकात या गोष्टीला दुय्यम स्थान असेल, इतिहासात ते दुय्यम नाही.

२३ नोव्हेंबर १९४९ रोजी निजामाने भारताची राज्यघटना हैदराबादला लागू असल्याचे फर्मान काढले. त्या घटनेच्या उद्देशिकेत घटना देणारा कोणी राजा नाही, लोक आहेत. पुढच्याच वर्षी, १९५० साली, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. १९५२ च्या निवडणुकीत ज्याच्या बापाने वेठ केली होती त्याने जहागीरदाराच्या बरोबरीने एक मत टाकले. सार्वभौमत्व म्हणजे काय, हे त्याला त्या दिवशी बोटाला शाई लागली तेव्हा कळले असेल. एक मत दिल्याने सगळे झाले नाही, हेही आपण जाणतो. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याच्या ठरावानंतर वस्त्या जळल्या आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. देशाचे सार्वभौमत्व एका दिवसात जाहीर होते, ते गावाच्या शेवटच्या घरापर्यंत पोचायला पिढ्या लागतात.

विद्यार्थी मित्रांना एक विनंती करून आम्ही थांबतो. वर्तमानपत्रात कोठे नवे राज्य जाहीर झाल्याची बातमी आली, की कोणत्या देशांनी मान्यता दिली एवढेच पाहू नका. तेथे राहणाऱ्या माणसांना कोणी विचारले होते काय, आणि त्यांतल्या सर्वांत दुबळ्या माणसाला त्या राज्यात काय मिळणार आहे, हे शोधा. बाबासाहेबांचे जून १९४७ चे निवेदन महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या खंडांत आहे. ते इंग्रजीत आहे आणि कायद्याच्या भाषेत आहे, म्हणून एकट्याने वाचताना जड जाईल. चार-पाच जणांनी मिळून, दर रविवारी दोन-दोन पाने अशी वाचा. वाचनालयात ते खंड नसतील तर संस्थेने आणावेत, अशी अध्यक्षांना आमची विनंती आहे.

 जयभीम.